पावसाळा आणि सायकलीचा मागील दिवा

पावसाळ्यांत बाजाराहून रात्रीं सायकलीनें परतणारे शेतकरी बंधु पुढील दिव्याची जितकी काळजी घेतात, तितकी मागील दिव्याची घेत नाहींत. आमच्या मतें ही मोठी चूक होय. पुढील दिव्यानें आपणांस रस्ता दिसतो. मागील दिव्यानें मागून येणाऱ्या ट्रकवाल्यास आपण दिसतों. मुसळधार पावसांत तोच विझला तर जिवाशीं गांठ आहे.

दिवा घेतांना दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबूं नये. वेष्टनावरील अंक वाचावा. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे केवळ शिंतोड्यांपासून बचाव. ‘५’ म्हणजे पाण्याच्या धारेपासून व ‘६’ म्हणजे जोरदार धारेपासून. ‘७’ अंकाचा दिवा १ मीटर पाण्यांत ३० मिनिटें बुडाला तरी टिकतो. पण तेवढ्यावरून तो धारेसही टिकेल असें ठरत नाहीं. मागील चाक खालून सारखें पाणी उडवितें, म्हणून आम्ही ‘६’ अंकच पसंत करूं. चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी झांकण घट्ट बसतें कीं नाहीं, हें स्वतः पाहावें. दिवा रेनकोटाखालीं झांकला जाऊं नये. जोडीस लाल रिफ्लेक्टर असावाच. त्यास विजेची गरज नाहीं.

बियाणें पारखून घेणाऱ्यानें दिवाही पारखून घ्यावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.