कोंडिविट्याचं बंद चर्च

मुंबईत अंधेरी पूर्वेला, सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणाआत, कंपन्यांच्या इमारतींच्या मधोमध बिनछपराचं एक चर्च उभं आहे. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये ते संत योहान बाप्तिस्ताच्या नावाने बांधलं. अडीचशेहून अधिक वर्षं ते कोंडिविटे गावच्या धर्मग्रामाचं चर्च होतं. १८४० मध्ये साथ आली आणि गाव उठून मरोळला गेलं. जाताना लोकांनी मूर्ती आणि बाप्तिस्म्याचं कुंड नेलं. भिंती नेता येत नाहीत, त्या तिथेच राहिल्या. पुढे १९७३ मध्ये सीप्झ आलं आणि भिंती कुंपणाच्या आत गेल्या. आता ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं वर्षातून एकदा, मे महिन्यात, मिस्सेसाठी आत जातात.

साथीने माणसं हलवली, पण इमारत झिजवली ती पाण्याने. छप्पर गेलं की पाऊस भिंतीच्या माथ्यावर पडतो, दोन दगडांमधला चुना धुऊन नेतो. त्या फटीत पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं. सुरुवातीला ते रोप चिमटीत येतं. पुढे त्याचं मूळ दगड बाजूला सारतं, आणि तेव्हा झाड उपटायला गेलं तर भिंतच हातात येते. राखणीला पैसा लागतो हे खरं, पण त्याआधी रोज आत जाणारं, वर बघणारं कुणीतरी लागतं. वर्षातून एकदा उघडणाऱ्या दाराला ते मिळत नाही.

वसईतही हेच दिसतं. १७३९ मध्ये मराठ्यांनी ती पोर्तुगीजांकडून जिंकली. किल्ल्यातली चर्चं पुढे ओस पडून ढासळली. तिथून नेलेली एक घंटा मात्र नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टिकली, कारण तिच्याभोवती माणसांचा वावर राहिला.

आमच्या दुधनीत हे कुणाला दूरचं वाटेल. तुरीच्या हंगामात आमच्या मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नसते, पण मागच्या गल्ल्यांत बंद वाडे वाढत आहेत. मालक सोलापूरला, पुण्याला. पूर्वी मृगाआधी माळवदावर पांढरी माती पसरायचे, पन्हळ मोकळी करायचे. कुलूप लागलं की पहिलं तेच काम थांबतं. आमच्या घरासमोरच्या वाड्याच्या माळवदावर यंदा पिंपळ उगवला आहे, वीतभर उंच. मृगाला अजून पंधरा दिवस आहेत. आज शिडी लावली तर तो एका हाताने निघेल.