वर्षाची फी भरण्याआधी दहा जण जमवा

वस्तीतली पोरं पानटपरीवरून उठून जिममध्ये जाऊ लागली, याचं आम्हाला कौतुकच आहे. तक्रार वेगळी आहे. एसी, आरसे आणि रांगेनं मांडलेली मशिनं असलेल्या मोठ्या जिममध्ये महिन्याची फी जास्त आणि वर्षाची एकदम भरली तर सूट. मग कुणी बचत गटातून उचल घेतो, कुणी आईच्या पगारातून मागतो, आणि वर्षाचे पैसे एका दिवसात जमा होतात. दोन महिन्यांनी तो मुलगा जिमच्या रस्त्यालाही दिसत नाही.

यात मुलाचा आळस थोडा, धंद्याची रीत जास्त. सगळे सभासद रोज आले तर त्या हॉलमध्ये उभं राहायला जागा पुरणार नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिममधल्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या हजेरीचा हिशोब मांडून तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी चार-पाच वेळाच येत होते. एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते. दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलरच पडले असते! तिथल्या लोकांची ही गत, तर हातावर पोट असणाऱ्यांनी किती सावध असावं?

माणूस टिकतो कशानं, ते आपल्याच गल्लीत बघा. भीमजयंतीच्या आधी लेझीम शिकवणारा एकेकाचं पाऊल बघतो, चुकलं की थांबवतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे मैदानावर एकत्र पळतात. मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. एक जण आला नाही तर बाकीचे त्याच्या दारात जाऊन हाक मारतात. सोलापूरच्या जुन्या तालमींतही हेच होतं: मोजकी पोरं आणि वस्तादाची नजर. तालमीचे गोडवे गाण्यात मात्र आम्हाला रस नाही. तिथं बाईला जागा नव्हती, आणि अनेक गावांत आखाड्याच्या काठावर जातही उभी असायची. आपण फक्त वस्तादाची नजर घ्यावी.

खरी काळजी आम्हाला जिमला कधीच न जाणाऱ्यांची वाटते. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साधारण दर तिसऱ्या प्रौढाला बीपी, असं आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. "आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?" असं आपल्या मावश्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण विडी वळणारी बाई तासन्‌तास मांडी घालून, मान खाली घालून बसते. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे उठायची सवड नसते. यंत्रमागावरचा माणूस पाळीभर उभा असतो. झाडू मारणाऱ्याची कंबर वाकलेलीच राहते. कामानं तेच तेच सांधे थकतात आणि बाकीचे स्नायू सुस्त पडतात. मांडीचे आणि पाठीचे मोठे स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर वापरतात. म्हणून शुगर असलेल्याला चालण्याबरोबर ताकदीचा व्यायामही हवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते.

पन्नास जणांच्या गर्दीत हा व्यायाम नीट शिकता येत नाही. आठ-दहा जणांत शिकवणाऱ्याला माहीत असतं की काकूंचा उजवा गुडघा दुखतो, त्यांना पूर्ण बैठक न देता खुर्चीवरून उठ-बस द्यायची. ज्यांना जोर जमत नाहीत त्यांनी भिंतीला हात टेकून मारायचे. शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या भाऊंनी उपाशी पोटी यायचं नाही. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या नाहीतर वाळूची पिशवी चालते. पंधरा दिवसांनी पिशवीत थोडी वाळू वाढवायची, पण कुणाच्या पिशवीत वाढवायची आणि कुणाच्या नाही, हे बघणारं माणूस लागतं.

ज्याला शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचंय, त्याला मोठी जिम लागेल, हे आम्ही नाकारत नाही. पण तिथंही आधी विचारा: शिकवणारा कुठं शिकला, एका वेळी किती जणांकडे बघतो? तोच पावडरचे डबे आणि इंजेक्शनं विकत असेल तर पायरीवरूनच परत या.

आता खर्च. दहा जणांनी महिन्याला ३०० रुपये काढले तर ३,००० होतात. आठवड्यातून तीन दिवस, एकेक तासासाठी बी.पी.एड. झालेला वस्तीतलाच मुलगा किंवा मुलगी तयार होते का ते विचारून बघा. त्यांच्याही हाताला काम मिळेल. वंदनेची वेळ सोडून विहाराचा किंवा समाजमंदिराचा हॉल मागा. सोलापूरचा उन्हाळा, त्यामुळे सकाळी सातच्या आत आटपा. नळाला पाणी येण्याच्या दिवशी बायकांचा वर्ग ठेवू नका, एकही येणार नाही. सुरू करण्याआधी सगळ्यांनी बीपी-शुगर तपासून घ्या. तीस वर्षांवरच्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. छातीत दुखत असेल, चालताना दम लागत असेल, तर आधी डॉक्टर, मग वर्ग.

हजेरीची वही एखाद्या ताईकडे द्या. सलग दोन दिवस कुणाच्या नावापुढं कोरं दिसलं की तिनं त्या घरी चक्कर मारायची.