कामाची दलाली

आमचा मुलगा फिटरचें काम शिकून घरीं बसला होता. आखाती देशांत नोकरी लावून देणाऱ्या एका कचेरीनें त्यास बोलाविलें. आधीं नांवनोंदणीचे पैसे, मग तपासणीचे, मग व्हिसाचे. पावती एकाचीही नाहीं. आम्हीं बैलजोडी विकून रक्कम भरली. आठ महिने हेलपाटे घातले. उत्तर एकच, 'पुढच्या सोमवारीं या.'

बांधवहो, हा धंदा जुनाच आहे. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर दस्तुरी घेतल्याशिवाय कामास लावीत नसे. मजूर भरती त्याच्या हातून काढा, असें व्हिटले कमिशननें १९३१ सालीं सांगितलें. जॉबर गेला, त्याची गादी मात्र रिकामी राहिली नाहीं. घाम गाळणारानें घाम गाळण्याची परवानगी विकत कां घ्यावी?

१९८३ च्या कायद्यान्वयें परदेशीं माणसें धाडणारास सरकारी परवाना लागतो. त्याच्या दलालीची हद्द ३०,००० रुपये व वर जीएसटी इतकी ठरलेली आहे, आणि पावती देणें त्यास भाग आहे. हें आम्हांस बैल गेल्यावर कळलें. तुम्ही गोठा रिकामा होण्यापूर्वीं परवान्याचा नंबर विचारा. पावती नाहीं, तर पैसाही नाहीं!