ठाण्यातलं खोटं आणि कायद्याचं पांघरूण

‘फक्त चौकशी आहे, दोन मिनिटांत सोडतो.’ भामरागडपासून जिवतीपर्यंत आमच्या वस्त्यांना हे वाक्य पाठ आहे. ठाण्यात गेल्यावर दुसरं ऐकू येतं : ‘तुझ्या साथीदाराने सगळं सांगितलंय, तूही सांगून टाक.’ साथीदार बिचारा गप्पच असतो.

पोलीस खोटं बोलतात यात नवल नाही. कायदाच त्या खोट्याला सांभाळून घेतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात कलम 29 होतं. आरोपीला फसवून कबुलीजबाब घेतला, एवढ्याच कारणाने तो बाद होत नाही, असं ते सांगत होतं. 1 जुलै 2024 ला गुलामीच्या खुणा पुसल्याचा डांगोरा पिटत भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि त्याच्या कलम 22 मध्ये हीच तरतूद पुन्हा बसवली. राणीचं राज्य गेलं, राणीची फसवणूक राहिली!

वकील मंडळी म्हणतील, पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतच नाही. खरं आहे. म्हणूनच तर आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात. तिथला जबाब चालतो. ठाण्यात पेरायचं, कोर्टात कापायचं.

प्रा. साईबाबा खटला आठवा. पोलीस म्हणाले, हेम मिश्राला 22 ऑगस्ट 2013 ला अहेरी बसस्थानकावर पकडलं. तो म्हणाला, 20 तारखेलाच बल्लारशा स्टेशनवरून उचललं. माणूस एक, जिल्हे दोन. महेश तिरकी आणि पांडू नरोटे या आदिवासी तरुणांचे कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवले गेले. दोघांनी ते पुढे नाकारले. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 2017 मध्ये ते ग्राह्य धरून शिक्षा दिली. नागपूर खंडपीठाने 5 मार्च 2024 ला ते मानले नाहीत, सगळे निर्दोष सुटले. पांडू नरोटे हे ऐकायला नव्हता. ऑगस्ट 2022 मध्ये कैदेत असतानाच तो गेला.

15 सप्टेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत आजचं कलम 22 मांडलं. जीविताच्या कलमाने संसदेला मोकळं रान दिलं, याची खंत त्यांनाही होती. ती उणीव भरून काढायला हे कलम आणलं. अटकेचं कारण कळणं, वकील भेटणं, 24 तासांत दंडाधिकारी. 26 नोव्हेंबरला उद्देशिका मोठ्याने वाचणाऱ्या आपल्या पोरांना हे कलम तोंडपाठ का नसावं?

गप्प राहणं हा गुन्हा नाही. नंदिनी सत्पथी प्रकरणात 1978 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा हा हक्क ठाण्यातल्या चौकशीलाही लागू केला. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही, मग कोऱ्या कागदाची तर गोष्टच सोडा. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्या. मग माडिया बोलणाऱ्याला मराठी कागद देऊन कसं चालेल?

फसवणुकीची ती तरतूद रद्द व्हावी, ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात आली पाहिजे. तोवर एक काम हाती घ्या. चौकशीच्या खोलीत आवाजासह कॅमेरा असावा आणि चित्रण 18 महिने जपावं, असा आदेश डिसेंबर 2020 पासून आहे. तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात तो कॅमेरा आहे का, माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.