एकीकडे १७० वर्षे, दुसरीकडे दोन

मध्य प्रदेशातील सागर येथील सत्र न्यायालयाने जून २०२३ मध्ये एका व्यक्तीला १७० वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. कापड कारखान्यात भागीदारी आणि भरघोस नफा मिळवून देण्याचे आमिष दाखवून त्याने ३४ जणांकडून सुमारे ७२ लाख रुपये उकळले होते. न्यायालयाने प्रत्येक फसवणुकीसाठी पाच वर्षे दिली आणि या शिक्षा एकापाठोपाठ एक भोगाव्यात, असा आदेश दिला. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, राजधानी भोपाळला लागून असलेल्या सीहोर जिल्ह्यातील न्यायालयाने साईप्रसाद या चिटफंड कंपनीचे संचालक बाळासाहेब भापकर यांना ठेवीदारांच्या फसवणुकीबद्दल २५० वर्षांची शिक्षा ठोठावली होती. या कंपनीचे नाव महाराष्ट्रातील ठेवीदारांनाही चांगलेच परिचित आहे.

माणसाचे आयुष्य सरासरी सत्तर वर्षांचे. मग दीडशे-अडीचशे वर्षांच्या शिक्षेला अर्थ काय? आजन्म तुरुंगातच ठेवायचे असेल, तर न्यायालये सरळ जन्मठेप का देत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर न्यायाधीशांच्या संतापात नव्हे, तर कायद्याच्या रचनेत सापडते.

पहिले कारण अगदी साधे आहे. फसवणुकीच्या गुन्ह्याला जन्मठेपेची तरतूदच नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली जास्तीत जास्त सात वर्षांचा कारावास होता. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्यांनी केलेल्या कायद्यांतही कमाल शिक्षा मर्यादितच असते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात ती सहा वर्षे आहे. एका ठेवीदाराला बुडवणारा आणि हजारो ठेवीदारांना बुडवणारा या दोघांनाही एका गुन्ह्यापुरती सारखीच कमाल मर्यादा लागू होते. अशा वेळी गुन्ह्याची व्याप्ती निकालपत्रात दाखवण्यासाठी न्यायाधीशाच्या हाती एकच साधन उरते, ते म्हणजे बेरीज.

ही बेरीज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ मधून येते. एकाच खटल्यात अनेक गुन्हे सिद्ध झाले, तर त्यांच्या शिक्षा एकापाठोपाठ भोगायच्या, न्यायालयाने स्पष्ट आदेश दिला तरच त्या एकत्र भोगायच्या, असे हे कलम सांगत होते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक न्यायालये शिक्षा एकत्र भोगण्याचाच आदेश देत आली. एकाच घटनेतून किंवा व्यवहारातून घडलेल्या गुन्ह्यांच्या शिक्षा साधारणपणे एकत्र चालाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी म्हटले आहे. सागरच्या न्यायालयाने ३४ फसवणुकी ३४ स्वतंत्र गुन्हे म्हणून मोजल्या. प्रत्येक फिर्यादीचे नुकसान वेगळे, म्हणून त्याची शिक्षाही वेगळी, हा त्यामागचा विचार. फसवल्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर या विचारात न्याय आहे.

पण हेच मोजमाप त्याच राज्यात, खुद्द भोपाळमध्ये, कसे वापरले गेले ते आठवले की चित्र बदलते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. सरकारी नोंदींनुसारच पाच हजारांहून अधिक माणसे दगावली. आरोपींवर सुरुवातीला सदोष मनुष्यवधाचे आरोप निश्चित झाले होते. त्यांची कमाल शिक्षा दहा वर्षे होती. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आरोप रद्द केले आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवण्याच्या कलम ३०४-अ खाली खटला चालवण्यास सांगितले. या कलमाची कमाल शिक्षा दोन वर्षे. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी हयात असलेल्या सात अधिकाऱ्यांना नेमकी दोनच वर्षे दिली आणि त्यांना लगेच जामीनही मिळाला. देशभर उसळलेल्या संतापानंतर तपास यंत्रणेने १९९६ चा निकाल बदलून मागितला. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली.

७२ लाखांच्या फसवणुकीला १७० वर्षे आणि हजारो मृत्यूंना दोन वर्षे. दंडाधिकारी दयाळू होते आणि सत्र न्यायाधीश कठोर होते, एवढ्यावर हा फरक संपत नाही. सागरमध्ये बळी पडलेला प्रत्येक माणूस स्वतंत्र गुन्हा म्हणून मोजला गेला. भोपाळमध्ये हजारो मृत्यू एकाच निष्काळजीपणाचा परिणाम ठरले. शिक्षेची लांबी गुन्ह्याच्या भीषणतेवर जितकी अवलंबून असते, तितकीच ती आरोपपत्रात कोणते कलम लागले आणि गुन्हे किती मोजले गेले यावरही असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणामुळे होणाऱ्या मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षे केली आहे. पण मोजणीचा मूळ प्रश्न तिथेच आहे.

दुसरे कारण जन्मठेप या शब्दातच दडलेले आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज घरोघरी रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सवलतीचे दिवस धरून आपली शिक्षा पूर्ण झाल्याचा दावा केला होता. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि सांगितले की जन्मठेप म्हणजे उर्वरित आयुष्य. त्याआधी सोडायचे की नाही हे सरकारने ठरवायचे. तीनच वर्षांनी, १९६४ मध्ये, सरकारने गोडसे यांना सोडले. कायद्यातील जन्मठेप आणि प्रत्यक्षातील जन्मठेप यांच्यातील अंतर या एकाच प्रकरणात स्पष्ट दिसते. १९७८ मध्ये संसदेने गंभीर गुन्ह्यांत किमान १४ वर्षे तुरुंगात काढल्याखेरीज सुटका नाही, अशी अट घातली. ती किमान मर्यादा होती. लोकांच्या मनात मात्र तीच पूर्ण शिक्षा होऊन बसली.

म्हणजे न्यायालय जन्मठेप देते, तेव्हा शिक्षेची खरी लांबी सरकारच्या हाती जाते. बिल्किस बानो प्रकरणात मुंबईतील विशेष न्यायालयाने जन्मठेप दिलेल्या अकरा जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले. खटला महाराष्ट्रात चालला असल्याने तो अधिकार गुजरातचा नव्हताच, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ही सुटका रद्द केली. अशी उदाहरणे समोर असताना, सरकारला हात लावता येणार नाही अशी शिक्षा द्यावी, असे न्यायाधीशांना वाटले तर नवल नाही.

सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी एक मार्ग काढला. २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात आरोपीची फाशी रद्द करताना न्यायालयाने त्याला आयुष्यभर सोडू नये असा आदेश दिला. फाशी अति कठोर आणि चौदा वर्षांची जन्मठेप अति सौम्य, या दोन टोकांमध्ये काहीतरी हवे, हा त्यामागचा विचार. पुढे २०, २५, ३० वर्षे सवलतीविना, अशा शिक्षा दिल्या जाऊ लागल्या. राजीव गांधी हत्येतील दोषींच्या सुटकेवरून निघालेल्या श्रीहरन प्रकरणात घटनापीठाने २ डिसेंबर २०१५ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी या पद्धतीला मान्यता दिली. कायद्यात नसलेली शिक्षा न्यायालयाने निर्माण करू नये, असे मत नोंदवणारे दोन न्यायमूर्ती होते उदय लळित आणि अभय सप्रे. बहुमताने मात्र एक मर्यादा घातली: हा अधिकार केवळ उच्च न्यायालयांना आणि सर्वोच्च न्यायालयाला. म्हणजे गोव्यापुरते बोलायचे, तर पर्वरीच्या खंडपीठाला सवलतीविना ३० वर्षांची शिक्षा देता येते, पणजी किंवा मडगावच्या सत्र न्यायालयाला नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या माफीच्या अधिकारालाही या निकालाने हात लावलेला नाही.

बेरजेची पद्धत परदेशातही आहे. अमेरिकेत बर्नार्ड मेडॉफ याला २००९ मध्ये १५० वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या गुन्ह्यांना जन्मठेप नव्हती. म्हणून प्रत्येक गुन्ह्याच्या कमाल शिक्षेची बेरीज करण्यात आली. तेथील संघराज्याच्या कायद्यात पॅरोलवरील सुटका रद्द झालेली असल्याने हा आकडा खरा ठरला आणि २०२१ मध्ये तो कैदेतच मरण पावला. थायलंडमध्ये १९८९ साली ठेवीदारांना फसवणाऱ्या चामोय थिप्यासो हिला १ लाख ४१ हजार ७८ वर्षांची शिक्षा झाली. पण अशा गुन्ह्यांत २० वर्षांपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवता येत नसल्याने ती काही वर्षांतच सुटली. आकड्यामागे कायदा उभा असेल तरच त्याला वजन येते.

भारतातील आकडे यांपैकी कोणत्या गटात बसतात? कलम ३१ च्या परंतुकात एकापाठोपाठच्या शिक्षांना एकूण १४ वर्षांची मर्यादा होती. छत्तर सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० वर्षांची बेरीज याच आधारे १४ वर आणली आणि २०२१ मध्ये सुनील कुमार प्रकरणातही एकूण शिक्षेला १४ वर्षांचीच सीमा घातली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ मध्ये ही मर्यादा २० वर्षे केली आहे आणि शिक्षा एकत्र की एकापाठोपाठ, हे गुन्ह्याचे गांभीर्य पाहून न्यायालयाने ठरवायचे आहे. २०१६ मध्ये घटनापीठाने असेही स्पष्ट केले की माणसाला आयुष्य एकच असल्याने अनेक जन्मठेपा एकापाठोपाठ देता येत नाहीत. तेव्हा १७० किंवा २५० वर्षांचा आकडा अपिलात टिकेलच, अशी खात्री कुणी देऊ नये.

यात सर्वाधिक भरडला जातो तो ठेवीदार. ठळक बातमीतील आकडा वाचून त्याला वाटते, न्याय झाला. काही वर्षांनी तोच आकडा घटतो, तेव्हा न्यायव्यवस्थेने आपलीही फसवणूक केली असे त्याला वाटू लागते. कैद्याच्याही बाजूने पाहिले, तर आपण केव्हा सुटणार हे त्याला निश्चित कळायला हवे. त्याखेरीज सुधारण्याला हेतू उरत नाही.

शिक्षा ठरवण्याचे निश्चित निकष असावेत, अशी सूचना मळीमठ समितीने २००३ मध्येच केली होती. संसदेने ती मनावर घेतली नाही आणि ती पोकळी न्यायालये कधी बेरजेने, तर कधी सवलतीविना शिक्षेने भरत आहेत. मोठ्या आर्थिक गुन्ह्यांसाठी बळींची संख्या आणि बुडालेली रक्कम यांच्याशी जोडलेली, पण खरोखर भोगावी लागणारी शिक्षा कायद्यातच लिहिली गेली, तर आकड्यांच्या या खेळाची गरज उरणार नाही. आणि ठेवीदारांसाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे मालमत्ता जप्त करून पैसे परत करण्याची. महाराष्ट्राप्रमाणे गोव्यातही १९९९ पासून ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा आहे. निकाल कितीही वर्षांचा लागो, त्या जप्तीचे आणि वाटपाचे काम किती वर्षांत पुरे होते, यावरच सागर, सीहोर आणि आपल्याकडील ठेवीदाराला न्याय मिळाला की नाही हे ठरणार आहे.