उलट्या ढाळाचं गटार

आमच्या वस्तीपुढं रस्त्याच्या कडंला नगरपालिकेनं गटार बांधलं. नारळ फुटला, पेढे वाटले, साहेबांचा फोटो निघाला. पहिल्याच पावसात पाणी नाल्याकडं जायचं सोडून आमच्या उंबऱ्यात. आई पिठाचा डबा उचलत म्हणाली, "घाणीला बी आमचंच घर ठावं हाय व्हय रं?"

मी गवंडीकाम केलेलं पोर. लेव्हलची नळी काढली, पाणी भरलं. दुसरं टोक शेजारच्या पोरानं धरलं. नाल्याच्या टोकाला गटाराचा तळ खोल हवा. तो चार बोटं वर! ढाप्यावर टाच मारली तर पापुद्रा निघाला. सिमेंट नावाला, दगडाची भुकटी मोप. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारायचं असतं. इथं गोणपाट एक दिवस ओलं झालं नाही.

याला निष्काळजीपणा म्हणू नका. आमचेच हात वरच्या आळीत गटार बांधतात, तिथं ढाळ बरा चुकत नाही! तिथं ओव्हरसियर उन्हात उभा असतो. आमच्या गटाराचं मोजमाप पुस्तक तो पंख्याखाली भरतो.

महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं करायचा ठराव केला. ठराव दप्तरात, पाणी तळ्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना स्वतः ओंजळ भरावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टात त्या नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. बरं झालं. आमची पाटी बदलली. पाणी जुन्याच पत्त्यावर येतं.

आणि दोस्तांनो, आपलं काय? पोटठेकेदार आपल्यातलाच. जयंतीच्या कमानीला वर्गणी देतो, म्हणून आपले कार्यकर्ते त्याच्या गटारावरून उडी मारून मीटिंगला जातात. २००५ चा माहिती अधिकार कायदा नुसत्या झेरॉक्सपुरता नाही. कामाची पाहणी करायचा, मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्क त्यात लिहिलाय. मी अर्ज टाकला. तिसऱ्या दिवशी पोटठेकेदार दारात.

"भाऊ, जयभीम. समाजाचा माणूस हाय मी."

"जयभीम. मग समाजाच्या दारात पाणी का सोडलंस?"

चहा न घेता गेला.

सोमवारी पाहणी आहे. नळी माझ्याकडं आहे. पण शेजारचं पोर शाळेत असतं. दुसरं टोक धरायला कोण येतंय?