एक दिवस, तीनच ठिकाणं आणि आजोबांचं हैदराबाद

सुट्टीत फिरायला जायचं ठरलं की तुमच्या घरात सगळ्यात आधी काय होतं? आमच्याकडे यादी होते. बाबा जुन्या डायरीचं पान फाडतात आणि एका दिवसात बसतील तेवढी ठिकाणं त्यावर लिहून काढतात. या मे महिन्यात आम्ही नांदेडहून हैदराबादला निघालो, तेव्हा त्या पानावर सात नावं होती. चारमिनार, मक्का मशीद, चौमहल्ला, सालारजंग म्युझियम, गोवळकोंडा, बिर्ला मंदिर आणि हुसेनसागर.

आईने ते पान वाचलं आणि विचारलं, "हे आपण बघणार आहोत की नुसतं मोजणार आहोत?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही सात जण होतो. त्यात सहा वर्षांचा भाचा, चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा आणि वर मे महिन्याचं हैदराबादचं ऊन. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात टाळी वाजवली की ती वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, ही गंमत मलाही बघायची होती. पण तेवढ्या पायऱ्या आजोबांना झेपणाऱ्या नव्हत्या. आईने पेन घेतलं आणि चार नावांवर काट मारली. उरली तीन. सकाळी चारमिनार, दुपारी म्युझियम, संध्याकाळी हुसेनसागर.

ऊन चढायच्या आत

आदल्या रात्री आम्ही काचीगुड्याला उतरून जवळच मुक्काम केला होता. सकाळी साडेसहालाच रिक्षाने चारमिनारला पोचलो. तुम्हीही जमलं तर याच वेळेला जा. आत जायला तिकीटखिडकी नंतर उघडते, पण बाहेरून बघायचं असेल तर याहून छान वेळ नाही. दुकानं बंद, गर्दी नाही आणि चौकात कबुतरंच कबुतरं. मुहम्मद कुली कुतुबशहाने 1591 मध्ये बांधलेली ही इमारत कोवळ्या उन्हात अगदी मधासारखी दिसते. भाचा कबुतरांमागे धावला आणि आम्ही इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेतली. ही बिस्किटं थोडी गोड, थोडी खारट असतात. एका कपात दोन बुडवायची आणि तिसऱ्यासाठी पुन्हा चहा मागवायचा!

चहावाल्याने आजोबांना आणखी हवा का, असं विचारलं. आजोबा म्हणाले, "नक्को मियाँ, बस." आम्ही सगळे बघतच राहिलो. हैदराबादच्या दखनीतलं हे 'नक्को' म्हणजे आपलंच 'नको'. आणि आजोबांना ते जिभेवर आणायला क्षणही लागला नाही. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आजोबा सुरुवातीच्या इयत्ता उर्दूतून शिकले आणि 1960 च्या सुमाराला कॉलेजसाठी दोन वर्षं याच शहरात राहिले. हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

"हे ते नाही"

आता खरी गोष्ट सांगते. गेल्या वर्षभरात आजोबा विसरायला लागलेत. गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. मला कधीकधी आत्याच्या नावाने हाक मारतात. आम्ही रागावत नाही, पण एक सवय लागली आहे. ते काही बोलले की, "हो हो, अण्णा," म्हणायचं आणि पुढे जायचं.

दहाच्या सुमाराला आम्ही मुसी नदीकाठच्या सालारजंग म्युझियमसमोर उतरलो. आजोबा दारातच थांबले. म्हणाले, "हे ते नाही. म्युझियम देवडीत होतं. पत्थरगट्टीकडे."

बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "हेच आहे, अण्णा. चला, ऊन लागेल."

"देवडीत होतं," आजोबा पुन्हा म्हणाले. मग एकदम गप्प झाले आणि काठी टेकत आत आले.

म्युझियम मोठं आहे, त्यामुळे तिथेही आम्ही थोडंच बघायचं ठरवलं होतं. तुम्ही गेलात तर दोन पुतळे चुकवू नका. एक म्हणजे इटालियन शिल्पकार बेंझोनी याची 'बुरख्यातली रिबेका'. संगमरवरातून कोरलेला ओढणीचा पदर इतका झिरझिरीत वाटतो की वहिनी म्हणाली, "फुंकर मारली तर उडेल." दुसरा म्हणजे लाकडी जोडपुतळा. समोरून मेफिस्टोफिलिस नावाचा सैतान दिसतो आणि मागच्या आरशात मान खाली घातलेली मार्गारेटा. भाच्याने तिथे दहा फेऱ्या मारल्या.

बाराच्या आधी सगळे संगीत घड्याळापाशी जमतात. घड्याळातला छोटा लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो आणि तास भरत आला की एक दाढीवाला बाहुला बाहेर येऊन टोले देतो. बाराला सगळ्यात जास्त टोले, म्हणून गर्दीही बाराला. आम्ही आजोबांना आधीच जागा धरून बसवलं. वेळ होता, म्हणून मी मोबाइलवर म्युझियमची माहिती वाचायला घेतली.

आणि तिथे ते लिहिलेलं होतं. तिसरे सालारजंग 1949 मध्ये वारल्यानंतर त्यांचा संग्रह 1951 मध्ये लोकांसाठी खुला झाला, तो त्यांच्या वाड्यात. दिवाण देवडीत. आताच्या इमारतीत म्युझियम आलं 1968 मध्ये.

मी ते मोठ्याने वाचलं. बाबांनी मोबाइल हातात घेतला आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग ते आजोबांच्या शेजारी बसले, पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "अण्णा, देवडी कशी होती हो?"

बाराचे टोले पडले, टाळ्या वाजल्या, गर्दी पांगली. आजोबा बोलतच होते. खोल्याखोल्यांतून फिरावं लागायचं. मित्राकडून चप्पल उसनी घेऊन गेले होते. घरी पत्र लिहिलं, पण आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारणीने वाचून दाखवलं. यातलं काहीही आम्ही आधी ऐकलेलं नव्हतं. कारण कुणी विचारलंच नव्हतं.

दुपार झोपेची, संध्याकाळ पाण्याची

दोन ते पाच आम्ही चक्क झोपलो! उन्हाळ्यात फिरायला जाल तेव्हा दुपार अशी मोकळी ठेवाच. पाण्याच्या बाटल्या, टोपी आणि ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या. म्युझियमला शुक्रवारी सुट्टी असते, हे आधी बघून ठेवा. आणि घरातलं कुणी थकत असेल, तर व्हीलचेअर मिळेल का, हे विचारायला लाजू नका.

संध्याकाळी रस्त्यात ताडगोळे घेतले आणि हुसेनसागरला गेलो. दादा, वहिनी आणि भाचा बोटीतून बुद्धमूर्तीपाशी जाऊन आले. एकाच दगडातली ही मूर्ती 1990 मध्ये नेताना तलावात बुडाली होती. ती बाहेर काढून 1992 मध्ये उभी केली, हेही आजोबांनीच भाच्याला सांगितलं. वर्षासकट.

रात्री बाबांनी डायरीचं ते पान काढलं. मला वाटलं, राहिलेल्या चार ठिकाणांवर काहीतरी बोलतील. त्यांनी पानाच्या मागे लिहिलं, "पुढच्या वेळी: पत्थरगट्टी, अण्णांबरोबर."

या सुट्टीत तुम्ही कुठेही जा. यादी थोडी छोटी करा. आणि घरातलं मोठं माणूस, "हे ते नाही," म्हणालं, तर पुढे जायच्या आधी एकदा विचारा, "मग ते कसं होतं?"